नवा मदरबोर्ड घेताय? आधी घोडं कुठे पेंड खातंय ते बघा

माझा मावसभाऊ लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. गेल्या वर्षी त्याने नवा पीसी बांधून घेतला, प्रोसेसर ठीकठाक पण बोर्ड एकदम भारीतला, कारण दुकानदार म्हणाला "बोर्ड चांगला असला की सगळं पळतं". दोन महिन्यांनी याचा फोन, दादा काहीतरी गंडलंय, जुन्यापेक्षा थोडासाच फास्ट वाटतोय. रविवारी गेलो, टास्क मॅनेजर उघडला, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं तर उजवीकडे स्पीड ४८००. रॅमच्या खोक्यावर ठसठशीत ६०००. मग सीपीयू-झेड (प्रोसेसर-रॅमची माहिती दाखवणारं ॲप) टाकून बघितलं तर चॅनेलच्या (रॅम ते प्रोसेसर या वाटेच्या) रकान्यात २ x ३२ बिट, तिथे ४ x ३२ पाहिजे होतं. कॅबिनेट उघडलं तर दोन्ही रॅम शेजारीशेजारी, म्हणजे एकाच चॅनेलवर बसवलेल्या. हिशेब केला तर ९६ जीबी प्रति सेकंदाच्या जागी त्याला मिळत होते ३८.४. एक स्टिक काढून पलीकडच्या खाचेत लावली, बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानात) एक सेटिंग चालू केलं, दहा मिनिटांचं काम आणि खर्च शून्य.

तेव्हापासून कुणी विचारलं "कुठला बोर्ड घेऊ" की मी आधी एकच सांगतो: बोर्ड स्पीड देत नाही, मिळणारा स्पीड अडवू नये एवढंच त्याचं काम. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. म्हणून खालचं सगळं त्याच हिशेबाने लिहिलंय, घेण्याआधी काय बघायचं, लावताना काय करायचं आणि लावल्यावर खात्री कशी करायची. उदाहरणं जास्त करून एएमडीच्या एएम५ सॉकेटची (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) दिलीत कारण मी स्वतः तेच वापरतो, इंटेलचं जिथे वेगळं आहे तिथे सांगतो.

पहिलं काम: जुन्या मशीनवरच मोजा

नवीन घ्यायच्या आधी जुना पीसी कशावर अडतो ते बघा. रोजचं खरं काम चालू करा, गेम असेल तर गेम, रेंडर असेल तर रेंडर, आणि टास्क मॅनेजर बाजूला उघडा ठेवा. सीपीयूच्या आलेखावर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर वेगवेगळे दिसतील असं करा, कारण एकूण आकडा २० टक्के दिसतो आणि आपण म्हणतो सीपीयू तर रिकामाच बसलाय, पण आत एकच कोअर (प्रोसेसरमधला काम करणारा एक भाग) १०० ला टेकलेला असतो आणि सगळं काम त्याच्या मागे लाइन लावून उभं असतं.

असं असेल तर जास्त कोअर घेऊन उपयोग नाही. जीन अम्डाल नावाच्या माणसाने १९६७ सालीच हा हिशेब मांडून ठेवलाय. समजा तुमच्या कामातला २० टक्के भाग एकामागे एकच होऊ शकतो, तर ८ कोअरवर ते काम साधारण ३.३ पट फास्ट होतं, १६ कोअरवर ४ पट, आणि अगणित कोअर लावले तरी ५ पटीच्या पुढे जात नाही. ८ चे १६ करायला किती पैसे जातात ते माहितीच आहे.

ग्राफिक्स कार्ड ९७-९८ टक्क्यांवर असेल तर बोर्ड बदलून काही होणार नाही, पैसे कार्डात घाला. रॅम भरून गेली असेल तर रॅम घ्या. हार्ड डिस्क १०० टक्के ॲक्टिव्ह दिसत असेल तर एसएसडी घ्या आणि हा लेख इथेच सोडून द्या, खरंच सांगतो.

मेगाहर्ट्झचं, म्हणजे प्रोसेसरच्या ठोक्यांच्या वेगाचं काय, तर ती शर्यत केव्हाच संपली. २००४ साली पेंटियम ४ हा ३.८ गिगाहर्ट्झला पोचला होता, ४ गिगाहर्ट्झवाला येणार म्हणून जाहीर झालेला तो इंटेलने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रद्द केला. २०२४ चा कोअर आय९-१४९००केएस कमाल ६.२ ला जातो. म्हणजे वीस वर्षांत दीडपटीपेक्षा थोडंसंच जास्त. ट्रान्झिस्टर लहान होत गेले पण व्होल्टेज त्या प्रमाणात कमी होईना, मग उष्णता काढायची कुठून हा प्रश्न. आजचे प्रोसेसर जुन्यापेक्षा कितीतरी फास्ट आहेत ते एका ठोक्यात जास्त काम उरकतात म्हणून, आणि कोअर जास्त आहेत म्हणून. बोर्डच्या जाहिरातीतला ओव्हरक्लॉकिंगचा (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवण्याचा) गाजावाजा या पार्श्वभूमीवर वाचा, रोजच्या कामात त्यातून हाताला फारसं लागत नाही.

आधी प्रोसेसर, मग बोर्ड

उलटं करणारे खूप आहेत. नाकापेक्षा मोती जड होतो. प्रोसेसर ठरवा, त्यावरून सॉकेट ठरतं, मग चिपसेट (बोर्डवरचे बाकीचे पोर्ट सांभाळणारी चिप), मग बजेट.

एएम५ सप्टेंबर २०२२ ला एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरसोबत आलं, त्यात फक्त डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) चालते. इंटेलचं एलजीए१७०० म्हणजे १२ ते १४ वी पिढी, त्यात काही बोर्ड डीडीआर४ चे आणि काही डीडीआर५ चे, नाव जवळजवळ सारखं असतं, शेवटी फक्त "डी४" लिहिलेलं असतं, ऑर्डर करताना दोनदा वाचा. ऑक्टोबर २०२४ मध्ये एलजीए१८५१ आलं, त्यात जुने प्रोसेसर बसत नाहीत.

दुसरी गोष्ट व्हीआरएम, म्हणजे सॉकेटच्या आजूबाजूला हीटसिंकखाली दडलेलं ते सर्किट जे १२ व्होल्टचे सव्वा व्होल्टच्या आसपास करून प्रोसेसरला देतं. रायझन ५ ७६०० घेतला तर त्याची मर्यादा ८८ वॅट, म्हणजे ७० अँपिअर, हे साधा बोर्डही हसत हसत देतो. रायझन ९ ७९५०एक्स हा २३० वॅटपर्यंत ओढतो, म्हणजे १८० अँपिअरच्या घरात. तुमच्या गिझरचा प्लग १६ अँपिअरचा असतो, त्यावरून अंदाज घ्या. स्वस्तातल्या बोर्डावर हीटसिंकच नसते, मे महिन्यात पंख्याखाली बसून रेंडर लावला की व्हीआरएम तापतं आणि प्रोसेसर गुपचूप स्वतःचा क्लॉक (ठोक्यांचा वेग) खाली आणतो. तुम्हाला एरर येत नाही, काही नाही, फक्त काम हळू होतं. तर मोठा प्रोसेसर असेल तर बोर्डवर खर्च करा, सहा-आठ कोअरचा ६५ वॅटवाला असेल तर मधल्या भावाचा बोर्ड पुष्कळ झाला.

मॅन्युअल वाचा, विकत घ्यायच्या आधी

इथेच खरं घोडं पेंड खातं. प्रत्येक बोर्डचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतं. त्यात दोन गोष्टी शोधा, ब्लॉक डायग्राम (काय कशाला जोडलंय त्याचा नकाशा) असेल तर तो, आणि स्टोरेजच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या टिपा.

पीसीआयई म्हणजे ग्राफिक्स कार्ड आणि एसएसडी जोडायचा रस्ता, आणि त्याच्या असतात लेन. एका लेनवर तिसऱ्या पिढीत सेकंदाला साधारण १ जीबी जातो, चौथीत २, पाचवीत ४. चार लेनच्या एम डॉट टू स्लॉटला (एसएसडीची चपटी खाच) मग अनुक्रमे ४, ८ आणि १६ जीबी, सोळा लेनच्या ग्राफिक्स स्लॉटला १६, ३२, ६४. एवढं पाठ करून ठेवा, बाकी सगळं त्यातून काढता येतं.

आता रायझन ७००० किंवा ९००० च्या प्रोसेसरमधून एकूण २८ लेन निघतात. १६ ग्राफिक्सला, ४ पहिल्या एसएसडीला, आणखी ४ बोर्डवाला म्हणेल तिकडे, आणि उरलेल्या ४ चिपसेटकडे. चिपसेटकडे जाणाऱ्या या चार लेन चौथ्या पिढीच्याच, म्हणजे ८ जीबी. आणि बोर्डवर खालच्या बाजूला जे काही दिसतं, बाकीचे एम डॉट टू, साटाचे (जुन्या डिस्क जोडायचे) पोर्ट, लॅन, वायफाय, बरेचसे यूएसबी, ते सगळं या ८ जीबीत. चाळीत वीस बिऱ्हाडं आणि नळ एक, तसला प्रकार. रोज सगळे एकदम बादल्या घेऊन येत नाहीत म्हणून चालून जातं, पण एका चिपसेटवाल्या एसएसडीवरून दुसऱ्या चिपसेटवाल्या एसएसडीवर ३०० जीबी फुटेज टाकताना बाहेरच्या यूएसबीवरून पण कॉपी चालू असेल तर गर्दी होते.

एक्स६७०ई किंवा एक्स८७०ई या वरच्या चिपसेटचा बोर्ड घेतला की हे सुटतं असं वाटतं ना? त्यात तीच चिप दोनदा असते, एकामागे एक जोडलेली. पोर्ट वाढतात, प्रोसेसरपर्यंतचा नळ तोच राहतो.

एक्स८७० च्या बोर्डांवर यूएसबी४ द्यावंच लागतं, आणि ते बहुतेक वेळा त्या "बोर्डवाला म्हणेल तिकडे" वाल्या चार लेन खातं. काही बोर्डांत दुसरी एसएसडी लावली की यूएसबी४ निम्म्यावर येतं. ४० गिगाबिटची बाहेरची ड्राइव्ह तुमच्याकडे आहे का? नसेल तर बी६५० किंवा बी८५० मध्ये त्याच लेन एसएसडीला थेट मिळतात आणि पैसेही वाचतात. मला तरी घरगुती वापराला बी मालिका सोडून वर जायचं कारण अजून सापडलेलं नाही.

इंटेलकडे झेड७९० चिपसेटवर वेगळाच घोळ. १२ ते १४ व्या पिढीच्या प्रोसेसरमधून पाचव्या पिढीच्या १६ लेन येतात त्या ग्राफिक्सच्या, एसएसडीच्या चार लेन चौथ्या पिढीच्या. मग ज्या बोर्डावर "जेन ५ एम डॉट टू" लिहिलंय तिथे ती ड्राइव्ह लावली की ग्राफिक्सच्या ८ लेन गेल्या. मोठ्या कार्डला १६ च्या ८ झाल्याने फार फरक पडत नाही हेही खरं, पण तुम्हाला माहीत असलेलं बरं.

फरक पडतो तो छोट्या कार्डांना. आरएक्स ६५०० एक्सटी या कार्डला फक्त ४ लेन आहेत. चौथ्या पिढीच्या बोर्डवर ८ जीबी मिळतात, जुन्या तिसऱ्या पिढीच्या बोर्डवर ४, आणि कार्डची स्वतःची मेमरी ४ जीबी असल्यामुळे ती भरली की सारखं या अरुंद बोळातून ये-जा करावं लागतं आणि गेम अडखळतो. जुन्या बोर्डवर स्वस्तातलं नवीन कार्ड टाकणाऱ्यांनी हे आधी बघायचं. तसंच रायझन ५ ८५००जी सारख्या प्रोसेसरमधून ग्राफिक्सला ४ च लेन निघतात, बोर्डवर १६ ची लांब खाच दिसत असली तरी.

खाचेची लांबी हा तर फसवाफसवीचा अड्डाच आहे. खालची लांब खाच बऱ्याचदा आतून ४ किंवा १ लेनची असते. फोटो मोठा करून बघा, सोन्याच्या पिना कुठपर्यंत आहेत ते दिसतं. माझ्याच बोर्डवर तिसरा एम डॉट टू दोन लेनचा निघाला. ७००० एमबीची एसएसडी क्रिस्टलडिस्कमार्कमध्ये (डिस्कचा वेग मोजणारं ॲप) ३५०० च्या आसपास येऊन थांबायची, मी तीन दिवस ड्रायव्हर बदलत बसलो, एसएसडीला शिव्या घातल्या, शेवटी मॅन्युअलच्या एका टिपेत उत्तर होतं. तिथेच पुढे असंही लिहिलेलं असतं की अमुक स्लॉट वापरला तर साटाचे तमुक दोन पोर्ट बंद होतील. जुन्या डिस्क चार असतील तर मोजून घ्या.

पाचव्या पिढीची एसएसडी पाहिजे का

थोडक्यात, बहुतेकांना नाही. क्रिस्टलडिस्कमार्क चालवलं की वरची ओळ ७००० किंवा १४००० दाखवते, सगळ्यात खालची रँडम ४केची (विखुरलेले छोटे तुकडे वाचण्याची) ओळ ६०-९० एमबीच्या आसपास असते. विंडोज सुरू होणं, ॲप उघडणं हे खालच्या ओळीसारखं काम आहे. लेन दुप्पट केल्या तरी फ्लॅश मेमरीला उत्तर द्यायला लागणारा वेळ तोच राहतो. मोठ्या फाइली दिवसभर इकडून तिकडे करणाऱ्यांनी घ्यावी, आणि त्यांनीही हीटसिंक लावूनच.

रॅम: आकडा एकटा वाचू नका

रॅमच्या पट्टीवर दोन आकडे असतात, ६००० आणि सीएल३० असे, पहिला स्पीड आणि दुसरा उत्तर यायला लागणारे ठोके. सीएलला २००० ने गुणायचं आणि स्पीडने भागायचं, उत्तर नॅनोसेकंदात. ६००० सीएल३० चे १० नॅनोसेकंद. ६००० सीएल३६ चे १२. ४८०० सीएल४० चे १६.७. आता जुनी डीडीआर४ ३२०० सीएल१६ करून बघा, तिचेही १०. आणि २००३-०४ च्या काळातली चांगल्यातली डीडीआर-४०० सीएल२ घ्या, तिचेसुद्धा १०. वीस वर्षांत रॅमचा रस्ता कितीतरी पट रुंद झाला पण पहिला थेंब यायला लागणारा वेळ जागचा हलला नाही.

शिवाय अंतर आहेच. ५ गिगाहर्ट्झला प्रोसेसरचा एक ठोका ०.२ नॅनोसेकंदाचा. तेवढ्यात प्रकाश मोकळ्या जागेत ६ सेंटिमीटर जातो, बोर्डच्या तांब्याच्या रेषेतून सिग्नल जेमतेम ३. पट्टी काढून मोजा सॉकेटपासून रॅमच्या खाचा किती लांब आहेत. सगळं मिळून प्रोसेसरला रॅममधून काही आणायला ७०-८० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे साडेतीनशे-चारशे ठोके नुसतं वाट बघणं. रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये ६४ एमबी जास्तीची कॅशे (प्रोसेसरची स्वतःची जवळची मेमरी) प्रोसेसरच्या डोक्यावरच का चढवून ठेवलीय ते यातून कळतं, आणि गेममध्ये तो त्याच्यापेक्षा जास्त क्लॉकवाल्यांना मागे का टाकतो तेही.

तर घेताना काय करायचं: एएम५ साठी ६००० सीएल३० ची दोन स्टिकची किट. त्याच्यापुढे ६४०० च्या वर गेलात की बहुतेक वेळा मेमरी कंट्रोलर (प्रोसेसरमधला रॅम सांभाळणारा भाग) निम्म्या वेगावर टाकावा लागतो आणि महाग रॅम घेऊन उलट उशीर वाढतो. बोर्डच्या साइटवर तपासलेल्या रॅमची यादी असते, त्यात तुमच्या किटचा नंबर आहे का बघा.

आणि चार स्टिक लावू नका. रायझन ९००० ला एएमडी अधिकृतपणे दोन स्टिकवर ५६०० म्हणते आणि चार लावल्या की ३६००. "आत्ता १६ च्या दोन घेतो, पुढच्या वर्षी अजून दोन टाकतो" हा आपला आवडता बेत इथे फसतो. ६४ लागणार असतील तर आजच ३२ च्या दोन घ्या.

लावताना

दोन स्टिक दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, प्रोसेसरकडून मोजून. बोर्डवर ए२ आणि बी२ छापलेलं असतं. पहिली एसएसडी प्रोसेसरजवळच्या एम डॉट टूमध्ये. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात, बोर्डात नाही, हसू नका, आठवड्याला एक तरी फोन येतो. वर डावीकडचा ८ पिनचा सीपीयूचा प्लग आधी लावून घ्या, कूलर बसल्यावर बोटं जात नाहीत.

बटण दाबल्यावर काळी स्क्रीन आली तर घाबरून बंद करू नका. डीडीआर५ पहिल्यांदा ट्रेनिंग करते, बोर्ड प्रत्येक रेषेची वेळ जुळवत बसतो, त्याला काही मिनिटं लागतात, रॅम जास्त असेल तर आणखी. बोर्डवर डीरॅमचा दिवा पेटलेला दिसेल. चहा टाका. मी माझ्या पहिल्या एएम५ वेळी तीनदा मध्येच बंद केला आणि बोर्ड मेलाय म्हणून दुकानात घेऊन जायची तयारी केली होती.

नवीन प्रोसेसर आणि दुकानात वर्षभर पडून राहिलेला बोर्ड असेल तर बायोस जुना असू शकतो. म्हणून घेतानाच मागच्या बाजूला फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघा, एफएटी३२ केलेल्या पेनड्राइव्हवर फाइल टाकून, मॅन्युअलमध्ये सांगितलेलं नाव देऊन, प्रोसेसर न लावताही अपडेट होतं. अपडेट चालू असताना लाइट गेली की खेळ खलास, म्हणून यूपीएसवर करा, आपल्याकडे पहिल्या पावसाच्या संध्याकाळी तर नकोच.

अपडेट कराच मात्र. २०२३ मध्ये रायझन ७००० एक्स३डी जळाल्याच्या घटना झाल्या आणि नंतर बायोसमधून एसओसी व्होल्टेज (मेमरी कंट्रोलर वगैरे भागाला मिळणारं) १.३ ला बांधलं गेलं. इंटेलच्या १३-१४ व्या पिढीत जास्त व्होल्टेजमुळे प्रोसेसर अस्थिर होत होते, त्यावरचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) ऑगस्ट २०२४ पासून बायोसमधूनच आले. झालेलं नुकसान त्याने भरून येत नाही, पुढचं टळतं.

बायोसमध्ये दोनच गोष्टी

एएमडीवर एक्स्पो, इंटेलवर एक्सएमपी, म्हणजे रॅम खोक्यावरच्या स्पीडने चालवणारं सेटिंग, चालू करा. हे आपोआप चालू नसतं, म्हणूनच भावाच्या मशीनवर ४८०० दिसत होतं. दुसरं रिसायझेबल बार (प्रोसेसरला ग्राफिक्स कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) चालू आहे का बघा. बाकी ज्या पानांवर लाल-पिवळे गेमिंगचे बाण दिसतात तिथे बोट लावायची गरज नाही, "ऑटो ओव्हरक्लॉक" तर बिलकुल नाही.

खात्री

टास्क मॅनेजरमध्ये रॅमचा स्पीड, सीपीयू-झेडमध्ये ४ x ३२. मग जीपीयू-झेड (ग्राफिक्स कार्डची माहिती दाखवणारं ॲप) उघडा, बस इंटरफेससमोर "x१६ ४.० @ x१६ १.१" असं दिसलं तर दचकू नका, कार्ड झोपलेलं असतं, शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून टेस्ट चालवली की खरा आकडा येतो. १६ च्या जागी ८ दिसत असेल तर आधी कार्ड काढून नीट बसवा, मग मॅन्युअल. एचडब्ल्यूइन्फो (तापमान वगैरे दाखवणारं ॲप) चालू ठेवून अर्धा तास खरं रेंडर लावा, व्हीआरएमचं तापमान आणि सगळ्या कोअरचा क्लॉक बघा, पहिल्या मिनिटाचा आणि तिसाव्या मिनिटाचा क्लॉक साधारण सारखा असला पाहिजे. रॅमसाठी रात्रभर मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवा, एकसुद्धा एरर आली तर एक्स्पो एक पायरी खाली आणा.

आणि हो, सॉकेटवरचं ते काळं प्लॅस्टिकचं झाकण प्रोसेसर बसवताना टुणकन उडून पडतं, लोक कचऱ्यात टाकतात. ते बोर्डच्या खोक्यातच ठेवा. पिना आता प्रोसेसरला नाही, बोर्डला असतात, आणि वॉरंटीत पाठवताना झाकण नसेल तर वाकलेल्या पिना तुमच्या माथी मारायला वेळ लागत नाही.